थायरॉईडचा कर्करोग: नातीचा, सुनेचा आणि आजीचा

जळगाव-धुळ्याकडे गळ्याला गाठ दिसली की गावात कुणीतरी सांगतंच, 'अमकीला हेच झालं होतं, ती बरी आहे.' त्या अमकीचं वय मात्र कुणी विचारत नाही. थायरॉईडच्या कर्करोगात तर वयावरून टप्पा बदलतो (आजार किती पुढे गेला ते एक ते चार टप्प्यांत मोजतात). पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर हे नेहमी दिसणारे, सहसा संथ प्रकार असतील आणि रुग्ण ५५ वर्षांखालचा असेल, तर आजार फुप्फुसात गेला तरी तो दुसऱ्याच टप्प्यात धरतात. पंचावन्नच्या पुढे तसाच पसरलेला आजार थेट चौथ्यात जातो. २०१८ पूर्वी ही रेषा ४५ वर होती.

शाळकरी मुलांना गाठ क्वचित येते, पण आली तर चार-पाचांत एक कर्करोगाची निघते. मोठ्यांत दहांत एखादी. मुलांमध्ये कर्करोग मानेतल्या लसिका ग्रंथींत लवकर उतरतो, तरी बहुतेक मुलं नीट जगतात. मुलाचं थायरॉईड ग्रंथी काढायचं ऑपरेशन मात्र जवळ पडतं म्हणून कुठंही करू नका. आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी वाचवायला सरावलेला हात लागतो. मुंबईची गाडी धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

विशी ते चाळिशीत रुग्ण बहुतांशी बायकाच असतात आणि आजार सहसा संथ असतो. गरोदरपणात सापडला तर ऑपरेशन बहुतेक वेळा बाळंतपणानंतर करता येतं. किरणोत्सारी आयोडीन (उरलेल्या थायरॉईडच्या पेशी मारणारं औषध) द्यायचं ठरलं तर अंगावर पाजणं आधीच थांबवावं लागतं आणि पुढे किमान सहा महिने दिवस राहू द्यायचे नसतात. सासरच्यांना हे ऑपरेशनआधीच सांगा.

साठीपुढे दोन टोकं दिसतात. एक सेंटिमीटरपर्यंतची, ग्रंथीबाहेर न गेलेली पॅपिलरी गाठ असेल तर ऑपरेशन न करता सोनोग्राफीवर लक्ष ठेवणंही चालतं, आणि ते तरुणांपेक्षा म्हाताऱ्यांनाच जास्त मानवतं, कारण तरुणपणी अशी गाठ वाढण्याची शक्यता जास्त. पण आजीची गाठ काही आठवड्यांत फुगली, आवाज बसला, घास अडकू लागला, तर कापूस वेचून होईपर्यंत थांबू नका. ॲनाप्लास्टिक हा फार वेगाने वाढणारा प्रकार बहुधा याच वयात येतो. त्यावर आयोडीन चालत नाही आणि हाती काही महिनेच असू शकतात. अशा वेळी त्याच आठवड्यात सुईची तपासणी (गाठीतल्या पेशी सुईने काढून तपासणं) करून घ्या.

ऑपरेशननंतर घ्यायची थायरॉईड हार्मोनची गोळीही वयाप्रमाणे बदलते. सुनेला सोसणारा जादा डोस आजीच्या हृदयाचे ठोके बिघडवतो, हाडं ठिसूळ करतो.