वीस ब्रॅकेट, साडेतीन किलो चोरी: रंग मारलेला माल ताब्यात घेऊ नका

लाकडी सांगाड्यासाठी ब्रॅकेट स्वतः आखून बाहेरून करून घेणाऱ्यांसाठी हे लिहीत आहोत. वीस नगांच्या एका ऑर्डरमध्ये तीन ठिकाणी फसवणूक झाली आणि तिन्ही गोष्टी रंगाखाली झाकलेल्या होत्या.

मागणी साधी होती. ७५ मिमी रुंद, ५ मिमी जाड एम.एस. (माइल्ड स्टील, साधं पोलाद) पट्टी, ३०० मिमीचा तुकडा मधोमध काटकोनात वाकवलेला, दोन्ही बाजूंना १४ मिमीची दोन-दोन भोकं, १२ मिमी बोल्टसाठी, शेवटी हॉट डिप गॅल्व्हनाइझ, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला थर. उभी बाजू खांबाला, आडवी बाजू खाली, तिच्यावर तुळई टेकणार.

माल आला तो चकचकीत. चोरी पकडली ती वजनकाट्याने. पोलाद दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरतं. या हिशेबाने एक नग, भोकं वजा जाता, साधारण ८६० ग्रॅम. वीस नग सव्वासतरा किलो. काटा पावणेचौदावर थांबला. रोलिंगमध्ये, म्हणजे कारखान्यात पट्टी लाटताना, थोडंफार इकडेतिकडे होतंच, पण वीस टक्के तूट रोलिंगमुळे येत नाही. पट्टी ४ मिमीची होती.

एका मिलिमीटरने काय बिघडतं, असं ऐकवलं जातं. खूप बिघडतं. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असतो, त्यामुळे ५ च्या जागी ४ मिमी आली की ताठपणा जवळपास निम्मा होतो. मोजताना रंग खरवडा आणि कॅलिपर कडेपासून थोडा आत धरा. कापलेल्या कडेला बर (कापताना वर उठलेली धारदार किनार) असतो, त्यावर धरलं तर ४ ची पट्टी सहज साडेचार दाखवते.

पण सगळ्यात घातक फसवणूक कोपऱ्यात होती. प्रेसवर वाकवण्याचे कष्ट वाचवायला आतल्या बाजूने ग्राइंडरने आडवी खाच मारली होती, पट्टी हाताने दुमडली होती, खाचेवर वेल्डिंगची एक पातळ रेघ ओढून ती घासून सपाट केली होती आणि वर पुट्टी भरली होती. एक नग कोपऱ्यातून उभा कापल्यावर दिसलं: सलग पोलाद जेमतेम दीड मिमी, त्याच्या आत पोकळ फट, आणि फटीच्या तोंडावर वेल्डिंगची साय. तुळईच्या भाराने हा काटकोन उघडायला बघतो, म्हणजे ताण नेमका आतल्या बाजूलाच येतो. जिथे ताण सर्वांत जास्त, तिथेच धातू नव्हता.

न कापताही हे ओळखता येतं. पट्टीच्या कडेवरून कोपरा बघा. नीट वाकवलेल्या पट्टीला आतूनही गोलाई असते, साधारण जाडीइतक्या त्रिज्येची, आणि जाडी वळणातून सलग जाताना दिसते. आतला कोपरा सुरीने कापल्यासारखा तीक्ष्ण असेल तर खिळ्याचं टोक तिथे जोरात ओढा. पुट्टी भुकटी होऊन निघते. असा नग वरून आणखी वेल्डिंग करून परत आणला तर घेऊ नका; आतली फट तशीच राहते.

तिसरं, गॅल्व्हनाइझ म्हणून सिल्व्हर पेंट. या जाडीच्या पोलादावर हॉट डिपचा थर साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. रंग करडा, कडेला जस्ताचे ओघळ, भोकांच्या आतही जस्त. पेंट नखाने किंवा नाण्याने पापुद्रा होऊन सुटतो. चकाकणारं इलेक्ट्रोप्लेटिंगही (विजेने चढवलेला जस्ताचा थर) याच नावाने खपवतात. तो थर बहुधा ५ ते १२ मायक्रॉनच असतो. कीड-बुरशीविरुद्ध तांबेयुक्त रसायन मुरवलेल्या लाकडाला असा नग लावला, की तो ओलाव्यात फार लवकर गंजतो. भोकाची आतली बाजू उघडी लोखंडी दिसली, तर थर दिल्यानंतर ड्रिल केलंय.

पुढच्या वेळी क्रम असा ठेवा. पट्टी स्वतः मोजून आणि वजन करून द्या, कापलेले तुकडे परत मोजा. भोकं ड्रिलनेच, गॅसने पाडलेलं भोक वेडंवाकडं होतं आणि बोल्ट एका कडेवरच टेकतो. मग वाकवणं. इथे सगळे नग कोरे, बिनरंगाचे बघा आणि आपण निवडलेला एक नग समोर कापून घ्या. म्हणून ऑर्डर एकवीसची द्या. गॅल्व्हनाइझ त्यानंतरच, आणि उरलेली रक्कम शेवटच्या वजनानंतर.