निकोबारचं 'परमिटसह पॅकेज': १,२०,८०० रुपये पाण्यात

बडोद्यातल्या मंडळींनो, निकोबारला नेतो म्हणणारा कोणी भेटला तर आधी खिसा सांभाळा. माझे १,२०,८०० गेले. चौघांच्या पॅकेजचे आगाऊ ८५,०००, 'ट्रायबल परमिट'चे माणशी ६,२०० म्हणजे २४,८००, आणि वर 'प्रवाळ संरक्षण डिपॉझिट' ११,०००. हे परत मिळणार होते म्हणे!

माणूस दांडिया बाजारात ऑफिस थाटून बसलेला, मराठी आपल्यासारखंच, शेजाऱ्यांची चारधाम यात्रा त्यानेच नीट पार पाडलेली. कोणीही विश्वास ठेवला असता.

डोकं फिरतं ते त्या फोटोवरून. दाट जंगल थेट पाण्यात उतरलेलं, पुढे प्रवाळ, खाली लिहिलंय 'नानकौरी', म्हणजे निकोबारातलं एक बेट. कोपऱ्यात पिवळी पाटी, तीवर लांब मानेचा पक्षी. हा कोण, मी विचारलं. "काका, तिथला शहामृग." निकोबारात शहामृग! आणि मी मान डोलावली. तो कॅसोवरी निघाला, ऑस्ट्रेलियातला न उडणारा मोठा पक्षी; फोटो ऑस्ट्रेलियातल्या केप ट्रिब्युलेशनचा, डेंट्रीचं जंगल ग्रेट बॅरियर रीफला भिडतं तिथला. भाच्याने दोन मिनिटांत शोधला, पैसे गेल्यावर.

ही म्हणालीच होती, पोर्ट ब्लेअरहून चार तासांत बोट पोचते म्हणतो तो, पण कशी? कार निकोबार बेटच तिथून सुमारे २७० किलोमीटर, नानकौरी त्याच्याही पुढे. खासगी क्रूझ हॅवलॉक-नील या अंदमानातल्या बेटांच्या फेऱ्या मारतात. शिवाय १९५६ च्या नियमांनुसार निकोबार हे आदिवासी राखीव क्षेत्र, सहलीसाठी पास मिळत नाही. पण परमिटच्या पीडीएफवर गोल शिक्का होता, सही होती. आपण काय भिंग घेऊन बसतो?

परमिटचे पैसे कोणाच्या खासगी खात्यात मागितले की तिथेच उठा. खातं तिसऱ्याच नावाचं होतं.

ठाण्यात विचारलं, "राजीखुशीने दिलेत ना?" मग ही सायबरची तक्रार की साधी, यावर दोन टेबलांत वाद. एक साहेब म्हणाले, निकोबार आपल्या हद्दीत येत नाही. अहो, पैसे तर बडोद्यातून गेले! बँकेत उत्तर ठरलेलं: पिन तुम्हीच टाकलात. अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र 'उद्या या'. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत. मी आधी त्याच्या ऑफिसच्या कुलपाशी ताटकळत बसलो.

आणखी कोणी भरले असतील तर माझ्यासोबत चला. एकट्याच्या तक्रारीला ते 'आपसातला व्यवहार' म्हणतात.