४×५ वर ९० मिमीची वाइड लेन्स : आठ महिन्यांच्या वापरानंतर

लेन्स बोर्डवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या पुढे बसणाऱ्या भोकाच्या पाटीवर, चढवायला मला वीस मिनिटं लागली. तीच लेन्स कॅमेऱ्याच्या अंगवळणी पडायला मात्र तीन महिने गेले. लार्ज फॉरमॅटवर, म्हणजे मोठ्या सुट्या फिल्मच्या (शीटच्या) कॅमेऱ्यावर, पहिल्यांदा वाइड लेन्स घेणाऱ्यांनी हा मधला काळ हिशेबात धरावा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅमेरा ४×५ इंची, लाकडी, घडीचा. त्यावर दोन वर्षं १५० आणि २१० मिमीच्या लेन्स वापरत होतो. त्या दोन्ही लेन्सनी कॅमेऱ्याचे दोष पोटात घातले होते, हे ९० आल्यावर कळलं. लेन्स श्नायडरची सुपर-अँग्युलॉन ९० मिमी एफ/८, वापरलेली, कोपल ० या मापाच्या शटरमध्ये.

बोर्डवर बसवण्याचं काम सोपं आहे. कोपल ० साठी जवळपास ३४.६ मिमीचं भोक लागतं. मागचा सेल (शटरमागचा काचांचा संच) उलटा फिरवून काढायचा, शटर भोकात बसवायचं, मागून रिंग लावून स्पॅनरनं आवळायची आणि सेल परत चढवायचा. फक्त दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. माझ्या लेन्सचा सेल काढताना कागदाएवढी पातळ पितळी चकती टेबलावर पडली. ती कचरा समजून फेकली असती तर दोन सेलमधलं अंतर बिघडलं असतं आणि लेन्सची धार कायमची गेली असती. असेल तर ती होती त्याच बाजूला परत घाला. दुसरं, शटरच्या पाठीवर एक बारीक स्क्रू असतो, शटर बोर्डवर फिरू नये म्हणून. बोर्डला त्याची खाच नसेल तर शटर सपाट टेकत नाही. रिंग आवळली की घट्ट वाटतं, पण ते किंचित तिरकं बसलेलं असतं. खाच पाडता येत नसेल तर तो स्क्रू सरळ काढून ठेवावा.

खरा प्रश्न यानंतर सुरू झाला. ९० मिमीला अनंतावर फोकस करायचा तर बोर्ड आणि फिल्म यांच्यात जेमतेम साडेनऊ-दहा सेंटिमीटर अंतर उरतं. त्या दोहोंना जोडणारा माझा घड्यांचा भाता तेवढा दाबला जायचा, पण नाराजीनं. दाबलेल्या स्प्रिंगसारखा तो पुढचं स्टँडर्ड (लेन्स धरणारी उभी चौकट; मागची फिल्म धरते) सतत बाहेर ढकलायचा. लेन्स वर उचलून नॉब घट्ट केला तरी चित्र बघायला काळं कापड डोक्यावर घेईपर्यंत ती दोन मिलिमीटर खाली आलेली असायची.

पहिल्या दोन महिन्यांतल्या बऱ्याच निगेटिव्हची डावी कड मऊ होती. मी लेन्सवर संशय घेतला. विकायलाही काढणार होतो. मग एका दुपारी विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा लावला, एफ/८ वर (छिद्र पूर्ण उघडं) एक शीट आणि एफ/२२ वर (छिद्र बारीक) एक शीट घेतली. एफ/८ वर डावीकडच्या विटांच्या सांध्यांचा लगदा झाला होता, एफ/२२ वर त्याच विटा बऱ्यापैकी स्वच्छ. त्यानंतर व्हर्नियर कॅलिपर घेऊन दोन्ही स्टँडर्डमधलं अंतर मोजलं : डावीकडे आणि उजवीकडे एक मिलिमीटरचा फरक. भात्याच्या दाबानं स्टँडर्ड एका अंगानं सरकलं होतं. लेन्स निर्दोष होती, आणि मी तिला विनाकारण बोल लावत होतो याचं वाईट वाटलं.

एक मिलिमीटर म्हणजे किती, हे २१० वाल्याला पटत नाही. ९० मिमीवर अनंतापासून पाच मीटरपर्यंत फोकस आणायला लेन्स फक्त १.६५ मिमी पुढे सरकते. २१० वर त्यासाठी नऊ मिलिमीटरहून जास्त सरकावं लागतं. बोर्डच्या रुंदीवर एक मिलिमीटरचा तिरकेपणा असेल तर फिल्मच्या एका कडेला अनंत स्पष्ट असताना दुसऱ्या कडेचा फोकस सहा-सात मीटरवर येतो. तेव्हापासून कॅलिपर बॅगेत कायम असतो.

भात्यावर उपाय म्हणून आधी खोलगट बोर्ड घेतला. त्यात शटर दीडेक सेंटिमीटर आत बसतं, त्यामुळे भात्याला श्वास मिळतो. फायदा झाला, पण हात आत जाईना. अ‍ॅपर्चरचा दांडा नखानं सरकवायचा, शटर कॉक करताना बोट काचेला लागायचं, आणि केबल रिलीज तोंडाशीच इतकी मुरडायची की दोनदा शटर अर्धवट दाबलं गेलं. थंडीत हातमोजे घालून तर नकोच. सपाट बोर्ड आणि मऊ पिशवीसारखा बॅग बेलोज, ही जोडी मला लाखपट बरी वाटली. माझ्या कॅमेऱ्याचा भाता काढता येतो, म्हणून हे शक्य झालं. तुमच्या कॅमेऱ्याचा भाता पक्का बसवलेला असेल तर खोलगट बोर्डाला पर्याय नाही, आणि मग लेन्स घेण्याआधी तो बोर्ड हातात घेऊन, शटरचे सगळे दांडे हलवून बघाच.

बॅग बेलोजनंतर लेन्सची ताकद दिसली. एफ/२२ वर हिचं इमेज सर्कल, म्हणजे लेन्स पाडते त्या गोल चित्राचा व्यास, २१६ मिमी आहे. आडव्या फ्रेममध्ये त्या हिशेबानं लेन्स चाळीसेक मिलिमीटर वर उचलता येते. जुन्या भात्यावर दहा मिलिमीटरलाच दोन कोपरे कापले जायचे. उंच इमारत कॅमेरा मान वर न करता पूर्ण फ्रेममध्ये आली, सगळे खांब सरळ, तेव्हा कापडाखाली मी नुसता बघत राहिलो.

तरी दोन शीट वाया गेल्याच, त्या बेडमुळे, म्हणजे स्टँडर्ड ज्यावर सरकतात त्या फळीमुळे. उभी फ्रेम होती, ओढा आणि पुढे ओले दगड. निगेटिव्ह धुऊन उजेडात धरली तर चित्राच्या तळाला काळपट, धूसर पट्टा. कॅमेऱ्याच्या लाकडी बेडची पुढची कड फ्रेममध्ये घुसली होती. ग्राउंड ग्लासवर (फोकस बघायच्या मागच्या दुधी काचेवर) चित्र उलटं असल्यानं तो भाग वरच्या टोकाला, नेमका सर्वांत अंधाऱ्या जागी होता, म्हणून नजरेतून सुटला. आता ९० लावली की आधी मागचं स्टँडर्ड पुढे आणतो, म्हणजे लेन्स बेडच्या टोकाशी येते. ज्यांचा बेड खाली झुकतो त्यांनी तो झुकवून दोन्ही स्टँडर्ड परत उभी करावीत. लेन्स वर उचलली की बेड फ्रेमपासून लांब जातो. लेन्स खाली घेताना जपा.

कोपरे तपासायची पद्धत एका जुन्या छायाचित्रकारानं शिकवली. ग्राउंड ग्लासचे कोपरे कापलेले असतील तर अ‍ॅपर्चर एफ/२२ वर आणून त्या फटीतून लेन्सकडे बघायचं. छिद्र पूर्ण दिसलं तर तो कोपरा सुरक्षित. बदामासारखं कापलेलं दिसलं तर भाता, फिल्टर किंवा बेड आड येतोय. चारही कोपऱ्यांना मिळून अर्धं मिनिट लागतं.

एफ/८ वर फोकस करणं हे या लेन्सचं खरं दुखणं. मध्यभाग ठीक दिसतो, कडांना काळोख. फ्रेनेल (कडा उजळवणारी सपाट भिंगाची काच) लावून फरक पडला, पण कोपऱ्यात लूप (फोकस तपासायचं भिंग) तिरका धरावाच लागतो. संध्याकाळी मी लांबवर टॉर्च ठेवून तिच्या दिव्यावर फोकस करतो. टिल्ट, म्हणजे लेन्सचा पुढे झुकाव, फार थोडा लागतो : लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर सपाट जमिनीसाठी साधारण साडेतीन अंश. २१० ला तिथे आठ अंश लागतात. लाकडी कॅमेऱ्याच्या नॉबवर साडेतीन अंश म्हणजे हात लागला न लागला एवढंच.

प्रकाशाची घट मात्र मला अपेक्षेएवढी जाचली नाही. साध्या भूमितीनं ९० मिमीवर ४×५ च्या कोपऱ्यात मध्यापेक्षा दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) कमी प्रकाश पोचायला हवा. सुपर-अँग्युलॉनच्या रचनेत ही घट काहीशी कमी होते. कृष्णधवल निगेटिव्हवर प्रिंट करताना ते सांभाळून घेता येतं. ट्रान्सपरन्सीवर (स्लाइड फिल्मवर), त्यातून लेन्स वर उचललेली असताना, निळं आकाश एका बाजूला गडद पडतं. त्या कामासाठी सेंटर फिल्टर (मध्यभाग गडद असलेला) घ्यावाच लागेल; मी अजून घेतलेला नाही.

गेल्या महिन्यात बेडच्या लाकडावर टोकदार पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या : एक मागच्या स्टँडर्डची, एक ९० च्या अनंताची. दोन्ही स्टँडर्ड रेघांवर आणायची, कॅलिपर डावीकडे लावायचा, मग उजवीकडे, आणि त्यानंतरच कापडाखाली जायचं. त्या भिंतीसमोर परवा पुन्हा एफ/८ वर एक शीट घेतली. डावीकडच्या सांध्यांतला चुना मोजता येतोय.