किल्ट नेसावा की घालावा?

मराठीत सदरा घालतात आणि धोतर नेसतात. किल्टबद्दल, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या निऱ्या घातलेल्या, गुडघ्यापर्यंतच्या वस्त्राबद्दल, निर्णय घेताना हा फरक फार कामाला येतो, कारण किल्ट मुळात दोन. १७४५च्या जॅकोबाइट उठावातले, म्हणजे स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवायला उठलेले, हायलँडर (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लोक) वापरत तो फेला मोर, म्हणजे मोठा प्लेड. न शिवलेलं लोकरी कापड कमरेला पट्ट्याने बांधायचं आणि वरचा भाग खांद्यावर टाकायचा. तो नेसायचा. एडिंबरा-ग्लासगोच्या लग्नांत आज दिसतो तो निऱ्या शिवून पक्क्या केलेला, कातडी पट्ट्या आणि बकलांचा किल्ट. तो घालायचा. रीएनॅक्टमेंटच्या, म्हणजे त्या काळच्या वेषात जुने प्रसंग पुन्हा उभे करणाऱ्या, गटात नव्याने शिरणाऱ्याला वाटतं की पहिला म्हणजे इतिहासाचं जोखड आणि दुसरा म्हणजे मोकळीक. माझं मत जवळजवळ उलट झालं आहे.

रंगाचंच घ्या. “तुमच्या क्लॅनचं टार्टन कोणतं?” हा प्रश्न शिवलेल्या किल्टला चिकटलेला आहे. क्लॅन म्हणजे कूळ, टार्टन म्हणजे लोकरी कापडाची रंगीत चौकड्यांची नक्षी. १७४५मध्ये क्लॅनगणिक ठरलेलं टार्टन नव्हतंच. हा उठाव जिथे चिरडला गेला त्या कलोडनच्या लढाईचं चित्र डेव्हिड मोरियरने काढलं, त्यात एकाच माणसाच्या अंगावर कोट एका टार्टनचा, प्लेड दुसऱ्याचा आणि मोजे तिसऱ्याचे असे दिसतात. जॅकोबाइट ओळखायचा तो टोपीवरच्या पांढऱ्या फितीच्या फुलावरून. क्लॅनांची टार्टन गोळा करायला लंडनच्या हायलँड सोसायटीने १८१५मध्ये सुरुवात केली. १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने सगळं शहर टार्टनमय केलं. पुढे १८४२मध्ये सोबीस्की स्टुअर्ट बंधूंनी ‘प्राचीन’ म्हणून छापलेला टार्टनसंग्रह बनावट होता, तरी त्यातली कित्येक टार्टन आजही क्लॅनांच्या नावाने विकली जातात. म्हणजे स्कॉटिश आडनाव नसलेल्या माणसाला १७४५च्या तळावर जी मोकळीक आहे ती आजच्या लग्नाच्या मांडवात नाही.

अपवाद ब्लॅक वॉच नावाच्या टार्टनचा. दुकानात ते सहज मिळतं, म्हणून नवखे तेच घेतात. पण ते सरकारी हायलँड पलटणीचं आहे, जॅकोबाइट बाजूला उभं राहून ते नेसणं साफ चूक. भडक लाल खुशाल घ्या, कोचिनील या किड्यापासून काढलेला त्या काळचा लाल भडकच असतो. १८५६नंतरच्या कृत्रिम रंगांतला झगझगीत जांभळा मात्र लांबूनही खटकतो.

आता ज्या एका त्रासाने माझ्यापुरता निकाल लावला तो सांगतो. कंबर. शिवलेल्या किल्टला एकेरी पन्ह्याचं आठ वार कापड लागतं आणि मागे साधारण पंचवीस निऱ्या येतात. प्रत्येक निरी नितंबापासून कमरेकडे निमुळती करत हाताने शिवलेली असते, आत कॅनव्हास आणि अस्तर. बकलं सरकवून इंचभराची सवड मिळते, तिच्यापुढे नाही. कंबर दोन इंच वाढली की आधी मागच्या निऱ्या पंख्यासारख्या फाकतात, मग समोरचा सपाट पदर मधोमध बसत नाही. तो खालून उचलला जातो आणि मधली उभी रेघ एका बाजूला पळते. बकलं हलवून घेतली तर कंबर बसते, पण रेघ तिरकीच राहते. नीट सुधारायचं तर पंचवीसच्या पंचवीस निऱ्या उसवून प्रत्येकीत दोन-दोन मिलिमीटर सोडायचे, तेही मागच्या बाजूला टार्टनचा चौकडा न मोडता. हे काम नव्याने शिवण्याच्या जवळ जातं. शिवलेली नऊवारी आणि नेसलेली नऊवारी यांच्यात जो फरक, तोच हा. नेसलेली कुणालाही होते, शिवलेली एकाच मापाला. प्लेडला पट्ट्याचं पुढचं भोक घेतलं की काम झालं.

नेसणं वाटतं तेवढं अवघड नाही, पण जागा लागते. कापड पाच वार, पन्हा ५४ ते ६० इंच. जुने माग अरुंद होते, त्यामुळे साधारण २७ इंची दोन पट्टे काठाला काठ जोडून शिवत. काटेकोर गटांना ती मधली शिवण दिसलेली आवडते. पट्टा जमिनीवर आडवा ठेवून त्यावर कापड पसरायचं. दोन्ही टोकांना पोट झाकेल एवढा भाग सपाट सोडून मधल्या कापडाच्या निऱ्या घालायच्या आणि त्या पाठीच्या रुंदीत बसवायच्या. मग खालचा काठ गुडघ्यामागच्या लवणीशी येईल असं निऱ्यांवर झोपायचं. उजवं टोक आधी, डावं त्यावर, पट्टा आवळून उठायचं. काठ दुमडून शिवू नका. विणलेला काठ तसाच लोंबला पाहिजे. दुमडलेली कड जाड होते आणि तिच्यामुळे निऱ्या नीट पडत नाहीत.

दोन गोष्टी बिघडतात. पट्टा सैल बांधला तर तासाभराच्या चालीत निऱ्या एका कुशीला गोळा होतात. आणि ओल्या गवतावर, म्हणजे स्कॉटलंडमध्ये बहुतेक सकाळी, झोपून नेसायचं तर दिवसभर ओली लोकर अंगावर. उपाय आहे. कमरेच्या ओळीवर आतून, प्रत्येक निरीमागे एक असे छोटे लूप शिवायचे, त्यांतून नाडी ओवायची आणि उभ्यानेच नेसायचं. असे लूप असलेला १८२२च्या सोहळ्यातला प्लेड टिकून आहे. १७४५ला ते होते असं त्यावरून सिद्ध होत नाही, म्हणून काही गटांत चालत नाहीत, आधी विचारून घ्या. बाहेरून ते दिसत नाहीत आणि काढायला पाच मिनिटं लागतात. एवढी सूट घ्यावी असं मला वाटतं.

शिवलेल्या किल्टची बाजूही खरी आहे. गाडी चालवणं, ऑफिस, नाच, गरम हॉल, सगळीकडे तो सरस. दोन मिनिटांत अंगावर चढतो. वजनात मात्र फारसा फरक नाही. १६ औंसी (हे वजन दुहेरी पन्ह्याच्या एका वाराचं) कापडाचा शिवलेला किल्ट १.८ किलोच्या आसपास भरतो आणि १३ औंसी प्लेडही तेवढाच. वर्षातून चार लग्नं आणि एखादे हायलँड गेम्स (स्कॉटिश खेळांचा मेळावा) एवढाच वापर असेल तर प्लेडचा आग्रह मी धरणार नाही. फक्त तोच किल्ट १७४५च्या तळावर नेऊ नका. आणि प्लेड नेसलात तरी किल्ट पिन, मोज्यात खोचायचा छोटा सुरा म्हणजे स्किन डू, पोटरीवर नाड्या गुंडाळायचे ब्रोग बूट आणि मोज्यांवरच्या रंगीत फिती घरी ठेवा. हे सगळं नंतरचं आहे. त्याऐवजी गुडघ्यापर्यंतचा, डोक्यातून घालायचा लिननचा सदरा आणि बकलांचे साधे बूट.

अजून ठरत नसेल तर आधी कापड घ्या, शिवायला टाकू नका. पाच वार दुहेरी पन्ह्याचं कापड मधोमध कापलं, किंवा मधली शिवण उसवली, की एकेरी पन्ह्याचे दहा वार होतात, म्हणजे उद्या त्यातून आठ वारी किल्ट शिवता येतो. टार्टन मात्र सरळ-उलटं फिरवलं तरी सारखं दिसणारं निवडा. खालच्या बाजूला विणलेला काठ यावा म्हणून एक पट्टा उलटा फिरवून जोडावा लागतो, आणि एकाच दिशेची नक्षी असेल तर ती तिथे तुटते. आठ वारी किल्ट उसवून प्लेड मात्र होत नाही.