एका जमिनीवर दोन सरकारांचा दावा: लेख एक करायचा की दोन?

आमच्या जळगावच्या ग्रुपमधल्या दोघातिघांनी मराठी विकिपीडियावर भूगोलाचे लेख लिहायला घेतलेत आणि सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते, ज्या मुलुखावर दोन सरकारं हक्क सांगतात त्याचं करायचं काय. आपलं नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातेत, तरी काही अडत नाही कारण रेषा दोघांना मान्य आहे. रेषाच मान्य नसली की खरी पंचाईत. मग एकच लेख करून त्यात दोन्ही दावे टाकायचे, का जमिनीचा वेगळा आणि सरकारचा वेगळा?

आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा पश्चिम सहारा घ्या. १९७५-७६ मध्ये स्पेन निघून गेला, मोरोक्को आत शिरला, आणि पोलिसारियो या तिथल्या स्वातंत्र्य मागणाऱ्या संघटनेनं २७ फेब्रुवारी १९७६ ला सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताक जाहीर केलं. आज लायून शहर, समुद्रकिनारा, बहुतेक भाग मोरोक्कोकडे, मधे सुमारे २७०० किलोमीटरची वाळू-मातीची भिंत, आणि त्या प्रजासत्ताकाचं सरकार चालतं अल्जीरियात, तिंदूफजवळच्या निर्वासित छावण्यांमधून. तरी ते आफ्रिकन युनियनचं सदस्य आहे, आणि २०१७ पासून मोरोक्कोपण त्याच युनियनमध्ये बसतो! हे सगळं एका लेखात कोंबलं तर वाचणाऱ्याच्या डोक्यात नुसता गोंधळ. इथे दोनच लेख पाहिजेत, जमिनीच्या लेखात ताबा कोणाचा ते, सरकारच्या लेखात त्याला मान्यता कोणाची ते.

उत्तर सायप्रसलाही वेगळा लेख चालेल, पण १९८३ ला जाहीर झालेल्या त्या राज्याला फक्त तुर्कस्ताननं मान्यता दिलीय हे पहिल्याच ओळीत आलं पाहिजे, नाहीतर शेजारच्या चौकटीतला झेंडा न् राजधानी बघून माणूस त्याला इतर देशांसारखाच देश समजतो.

अक्साई चीनला मात्र दोन लेख अजिबात नको. तिथे तिसरं सरकार नाही, सुमारे ३८,००० चौरस किलोमीटरचं उजाड पठार आहे. दोन लेख केले की एक आपल्या बाजूचा, एक त्यांच्या बाजूचा, आणि वाचणारा एकच वाचून जातो. दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांचंही तेच, ब्रिटनचा ताबा, अर्जेंटिनाचा दावा, २०१३ च्या तिथल्या लोकांच्या मतदानात १५१३ विरुद्ध ३ असा ब्रिटनच्या बाजूनं कौल, एका लेखात मावतं.

काहीजण म्हणतात आपल्या सरकारचं म्हणणं तेवढंच लिहा. मला हे पटत नाही. अक्साई चीन भारताचा आहे असं मलाही मनापासून वाटतं, पण ताबा चीनकडे आहे हे लपवलं तर आपल्याच पोरांना १९६२ चं युद्ध कळायचं कसं? सरळ लिहा, 'चीनच्या ताब्यात असलेला आणि भारत लडाखचा भाग मानतो असा प्रदेश'. नुसतं 'वादग्रस्त' लिहून सुटू नका, त्यातून तिथे फौज कोणाची ते समजत नाही. नकाशाला मात्र जपून हात लावा, सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारी भारताची हद्द छापणं आपल्याकडे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

अजूनही ठरत नसेल तर आधी एकच लेख करा आणि सरकारचा भाग लांबला की वेगळा काढा, कारण झालेले दोन लेख एकत्र करताना शीर्षक कोणाचं ठेवायचं यावरूनच भांडणं लागतात.