वाचनालयाचा रिव्ह्यू: देवघेवीला पाच स्टार, कुलपाला शून्य

आमच्या तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, गावात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि मला तिथे परत जायचंय. अ वर्ग, शासनमान्य, पेपर वाचायला कुणीही येऊन बसावं, पुस्तकं घरी न्यायची तर अनामत एकदाच आणि वर्गणी एवढी की दोघांच्या चहा-वडापावात महिना निघतो.

सकाळी देवघेवीच्या काउंटरवर ज्या ताई बसतात ना, तशी सर्विस मला बँकेत नाही, मोबाईलच्या दुकानात नाही, कुठेच मिळालेली नाही. आईसाठी पुस्तक न्यायला गेलो आणि एक उचलून पुढे केलं की त्या नुसतं शेवटचं पान उघडतात आणि म्हणतात, "हे नको, काकूंचं झालंय." कसं कळलं विचारलं तर पान माझ्याकडे फिरवलं. कोपऱ्यात पेन्सिलच्या बारीक बारीक खुणा, कुणाचा त्रिकोण, कुणाची फुली, कुणाचं आद्याक्षर, जुन्या वाचकांनी आपलं वाचून झालेलं परत घरी यायला नको म्हणून केलेल्या. आईचा छोटा गोल आणि आत टिंब, हे मला घरातल्या घरात माहीत नव्हतं! पुस्तकावर लिहू नये असा बोर्ड ताईंच्या डोक्यावरच लावलाय, आणि खुणा सगळ्यांच्या ताईंना पाठ. वर "मोठ्या टायपातलं एक आलंय, काकूंसाठी बाजूला ठेवलंय, हे न्या."

संध्याकाळी गेलात तर मात्र तुमचं नशीब. तेव्हाचे गृहस्थ मान वर करत नाहीत, काही विचारलं की "कॉम्प्युटर बंद आहे, तिकडे बघा." तिकडे काय बघणार, कपाटांना कुलूप! काचेतून पुढची रांग दिसते, मागे अजून एक रांग आहे ती फक्त देवाला आणि झुरळांना दिसते. चावी मागितली की आधी पुस्तकाचं नाव सांगा, आणि नावच माहीत असतं तर कपाट चाळायला कशाला आलो असतो. पुस्तक हरवलं तर तपासणीला आमच्या अंगावर येतं असं त्यांचं म्हणणं, ते खोटं नाही, पण म्हणून वाचकाला काचेबाहेर उभं करायचं? भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं सांगितली, त्यातलं पहिलंच की पुस्तकं वापरण्यासाठी आहेत, आणि चौथं वाचकाचा वेळ वाचवा. आमच्याकडे रंगनाथन यांचा फोटो आहे, दर 12 ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, हारही घालतात, त्याच कपाटाशेजारी.

पणजीला गेलात तर पाटोवरची कृष्णदास शामा लायब्ररी बघून या. 1832 पासूनची संस्था, मोठी नवी इमारत, लहान मुलांना वेगळा विभाग. ती राज्याची मध्यवर्ती लायब्ररी, तिच्याशी आमची बरोबरी नको, कबूल. पण कुलूप काढायला इमारत लागत नाही.

पगाराचं बोललं पाहिजे, नाहीतर हा रिव्ह्यू अन्यायाचा होईल. आपल्याकडे महाराष्ट्रात ग्रंथालयाचा कायदा 1967 चा आहे, अनुदान अ-ब-क-ड वर्गाप्रमाणे मिळतं तेही हप्त्याने, आणि त्यातूनच पुस्तकं, लाईटबिल, कपाटं आणि माणसं सगळं भागवायचं. 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाली म्हणून पेढे वाटले, तरी ताईंना जे हातात पडतं ते इथे लिहायची मला लाज वाटते. संध्याकाळच्या साहेबांनाही तेवढंच असणार, म्हणून त्यांचे दोन स्टार कापायचे होते तिथे एकच कापतोय.

दिवाळी अंकांची योजना जरूर घ्या, थोड्या पैशात भरपूर अंक वाचून होतात, फक्त नंबर पहिल्या दिवशी लावा नाहीतर चांगले अंक होळीला हातात येतात. अभ्यासिका स्पर्धा परीक्षेवाल्या पोरांनी भरलेली असते, शांत आहे, पंखे चालतात.

एकूण साडेतीन स्टार. नाव घालायला सकाळीच जा, आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि सुट्टे पैसे न्या, क्यूआर कोड लावलाय पण तो सेक्रेटरींच्या जुन्या नंबरचा आहे.