वॉटर फ्लॉसर: हिरड्या सुधारल्या, पण त्या रबरी बुचाचं काय करायचं?

"इसमें पानी गया है मॅडम, वॉरंटी में नहीं आएगा." सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या पोराने हे इतक्या सहज सांगितलं की आधी मला हसूच आलं. अरे बाबा, दातांच्या फटीत पाण्याची धार मारणारं मशीन आहे ते. त्यात पाणी नाही जाणार तर काय सावजीचा रस्सा जाणार? खोक्यावर ठळक अक्षरात आयपीएक्स 7 छापलंय. म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवलं तरी आत थेंब शिरायला नको. त्यावर पोराने माहितीपुस्तिकेतली बारीक ओळ दाखवली: चार्जिंगचं झाकण पूर्ण बंद असेल तरच.

तर हे झाकण. मोड किती, टाकी केवढी, नोझल किती मिळतात हे सगळं तुम्ही वाचलेलं असेल, ते मी परत लिहीत नाही. पण या झाकणाबद्दल कोणीच लिहीत नाही. नखाएवढं रबरी बुच, बारीक पट्टीवर लोंबकळणारं, मशीनच्या मागे अगदी खाली. ओल्या अंगठ्याने एक कोपरा दाबला की दुसरा वर येतो. चारही कोपरे बसले असं वाटतं आणि उजेडात धरून पाहिलं तर केसभर फट. मशीन उभं धरल्यावर तोंडातून गळणारं पाणी मुठीवरून ओघळत नेमकं तिथेच जातं. वॉटर फ्लॉसर हा प्रकार अमेरिकेत 1962 साली एका दंतवैद्याने आणि एका इंजिनीअरने मिळून बनवला, तेव्हा ते टेबलावर ठेवायचं, वायरवालं मशीन होतं. बिनवायरचं केलं तिथून ही बुचाची कटकट सुरू झाली.

मी मशीन घेतलं कारण ब्रश केला की बेसिनमध्ये गुलाबी थुंकी दिसायची आणि पेरू चावला की पेरूवर रक्ताचा डाग. दुकानातून थेट आणून वापरायला लागले नाही, हे एक बरं झालं. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथल्या पेरिओ म्हणजे हिरड्यांच्या विभागात आधी दाखवलं. वेळ काढून जावं लागतं, पण खाजगीच्या मानाने खर्च नगण्य आणि शिकणारी मुलं घाई करत नाहीत. खुणा केलेली बारीक सळई हिरडीच्या कडेने आत सरकवत एक मुलगी आकडे सांगत होती आणि दुसरी लिहीत होती: दोन, तीन, दोन, पाच. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चारपासून पुढे हिरडी दातापासून सुटून खिसा झालाय असं समजायचं. माझ्या मागच्या दाढांना पाच होते.

तिथेच कळलं की दातावर रोज जमणारा चिकट थर मऊ असतो तोवरच ब्रशने निघतो. काही दिवसांत तो थुंकीतल्या क्षारांनी दगडासारखा होतो, आणि मग घरातलं कुठलंही मशीन, कुठलीही पेस्ट त्याला हलवू शकत नाही. तो खरवडूनच काढावा लागतो. हिरडी नुसती सुजून रक्त येत असेल तर सगळं पूर्ववत होतं. आतलं हाड झिजलं असेल तर ते आपलं आपण भरून येत नाही, तिथेच थांबवायचं एवढंच हातात असतं.

सासूबाईंचा क्लीनिंगला ठाम विरोध. "दात खरवडले की हलायला लागतात वो, आमच्या नणंदेचे नाही का हलले!" नणंदबाईंचे दात हाड झिजल्यामुळे आधीच हलत होते. दगडाने ते धरून ठेवले होते, तो निघाल्यावर कळलं इतकंच. माझेही दात क्लीनिंगनंतर विरळ दिसायला लागले, कारण मधला दगड गेला आणि सूज उतरली. गार पाण्याने काही दिवस झिणझिण्या आल्या, मग गेल्या.

मग मशीन. पहिल्या महिन्यात मी पाच तारे देऊन मोकळी झाले होते. रक्त थांबलं, तोंडाचा वास गेला, रात्रीच्या जेवणातले तुरीच्या डाळीचे कण बेसिनमध्ये पडताना पाहून एक विचित्र समाधान मिळायचं. आता तीन करतेय. बुचाचा राग आहेच, पण तपासणीला परत गेले तेव्हा पुढचे दात छान आणि मागच्या दाढांच्या फटीत अजून रक्त. डॉक्टरांनी फटीत घालायचा बारीक ब्रश हातात दिला, बाटली धुवायच्या ब्रशचं बाहुलीएवढं रूप. पाण्याची धार अडकलेलं आणि सैल झालेलं काढते, चिकटलेला थर घासल्याशिवाय पुरता निघत नाही. जिथे ब्रश जाईल एवढी फट आहे तिथे ब्रश आधी. जोर न लावता पण थोडा घट्ट जायला हवा. फटीगणिक माप बदलतं आणि माप ओळखायच्या रंगांचा हिशोब प्रत्येक कंपनीचा वेगळा, म्हणून माप डॉक्टरकडूनच घ्यावं. त्या ब्रशच्या पाकिटाची किंमत या मशीनपुढे काहीच नाही. पुढच्या तपासणीत पाचाचे चार झाले. हे श्रेय मी मशीनला देत नाही.

आपल्याकडच्या पाण्याबद्दल. आम्ही बेसाकडे राहतो, बोअरचं पाणी जड. नोझलच्या टोकाला पांढरा थर धरतो आणि धार वाकडी होऊन थेट आरशावर. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून नोझल भिजवलं की सरळ होते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी भरू नका, चटका बसेल. माठातलं भरावं तर दाढ कळवळते. मी रात्रीच तांब्याभर भरून बेसिनपाशी ठेवते. कंपनीच्या पुस्तिकेत नागपूरचा उन्हाळा कुठून असणार?

आमच्या ह्यांना मशीन नको होतं. "मला कुठे रक्त येतं? तुझ्याच हिरड्या नाजूक." हे दिवसाला खर्र्याच्या दोन पन्न्या संपवणारा माणूस बोलतो. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आजार असूनही रक्त दिसत नाही, असं डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं. सळई घातली तर एका ठिकाणी सात. मग शुगर विचारली. ती आहेच. हिरड्या बिघडल्या की शुगर आवरत नाही आणि शुगर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात, असा उलटसुलट व्यवहार आहे म्हणे. त्यांना आता दर तीन महिन्यांनी बोलावलंय. खर्रा एका पन्नीवर आलाय, त्याहून कमी झाला असं मी तरी म्हणणार नाही.

मशीन शेवटी बर्डीवरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याने उघडलं. पोर्टच्या पिना हिरव्या पडल्या होत्या, त्याने पोर्ट बदलून दिला, घेतले त्याचे पैसे चहा-समोशाएवढेच. कंपनीला हे जमत नव्हतं.

घ्यायचंच असेल तर स्टँडवर नुसतं ठेवून चार्ज होणारं, पोर्टच नसलेलं बघा, थोडं महाग पडलं तरी. आणि पैसे देण्याआधी सुटी नोझल मिळतात का ते विचारून घ्या. पुस्तिकेत ती दर काही महिन्यांनी बदला म्हणून लिहिलंय, आणि माझ्या मॉडेलची कुठेच मिळत नाहीत.